जंतूचं गाव

डॉ. रेहाना तडवीचं पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं. संक्रांत होऊन गेली, तरी लीलाधर फिरके सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं, विसरलंही नव्हतं. उलट ते त्यांना पाठ झालं होतं, आणि तीच पंचाईत होती.

"आदरणीय सर," रेहानाने लिहिलं होतं, "शेलवणच्या सरकारी दवाखान्यातल्या नवजात कक्षातून लिहिते आहे. ‘शेलवण-एक’ या जंतूवर काढलेलं नवं औषध आमच्याकडे खोक्यांनी येऊन पडलं आहे. ते आमच्या बाळांना लागू पडत नाही. मी आमच्या कक्षातला जंतू आणि नोंदलेला जंतू शेजारी ठेवून पाहिले. नोंदलेला जंतू शेलवणचा नाहीच. तो तुमच्या आंबरखेडचा असावा. तो पहिल्यांदा तुम्ही वाढवलात, म्हणून तो कुठे सापडला हे तुम्हीच सांगू शकता. कृपया लेखी कळवा. इथे बाळं जाताहेत."

अहवालाचा शेवट निष्कर्षाने करावा, पाल्हाळ लावू नये, हे सरांनीच तिला वर्गात शिकवलं होतं. विद्यार्थिनी चांगली निघाली होती. मास्तरांचं तसं म्हणता येत नव्हतं.

फिरके सर सूक्ष्मजीवशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. निवृत्तीनंतर गावातल्या भागीरथीबाई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ते मानद सल्लागार होते. मानद म्हणजे मान कुणी देत नव्हतं आणि सल्ला कुणी विचारत नव्हतं. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांचा घसा कोरडा पडे. पुस्तकात मात्र ते मासा पाण्यात जावा तसे जात. रेहानाला उत्तर लिहायला ते अनेकदा बसले. दर वेळी दुसऱ्याच वाक्यात ‘बहुधा’ हा शब्द येऊन बसायचा आणि त्याच्यापुढे गाडी हलायची नाही.

"तुमचं बहुधा मला ठाऊक आहे," त्यांची बायको कुमुद म्हणायची. "मला बघायला आलात तेव्हा तुमच्या वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का. तुम्ही म्हणालात, बहुधा. मी आत पोहे परतत होते. तेव्हाच कढई घेऊन बाहेर यायला हवं होतं."

ही सगळी भानगड समजायची तर आधी औषध समजायला हवं.

जुनी प्रतिजैविकं म्हणजे शेतात तण माजलं म्हणून सगळ्या शेतालाच काडी लावण्यातला प्रकार होता. रोगाचे जंतू मरत, त्यांच्याबरोबर पोटातले उपकारी जंतूही मरत. जे मूठभर चिवट जंतू उरत त्यांना सगळं रान मोकळं. लोकांनीही हातभार लावायला कमी केलं नाही. सर्दीला गोळी, पडशाला गोळी. बरं वाटलं की अर्धा डोस कपाटात, आणि पुढे तोच मेहुणीच्या मुलाला. अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिकवणीने जंतू शहाणे झाले, माणसं होती तिथेच राहिली. शेवटी अशी वेळ आली की क्लेबसिएला नावाचा जंतू एकदा नवजात बाळांच्या कक्षात शिरला की डॉक्टरांच्या हाती थर्मामीटरखेरीज काही उरेना.

मग ‘वेधक’ नावाचं औषध आलं. या जंतूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं एक आवरण असतं, आणि त्याची वीण एका वाणाची एक तर दुसऱ्याची दुसरी. जंतूंना मारणारे विषाणू निसर्गात पहिल्यापासून आहेत. ते ही वीण ओळखूनच आपली शिकार हेरतात. शास्त्रज्ञांनी त्या विषाणूंचं कसब उचललं. जंतूची वीण यंत्राला वाचायला द्यायची, मग यंत्र एक प्रथिन रचून देतं. त्याचं एक टोक ती वीण ओळखून तिला चिकटतं आणि दुसरं जंतूच्या भिंतीला भोक पाडतं. बाकी कशालाही ते हात लावत नाही. जंतूने औषध चुकवायला आवरणच फेकून दिलं, तर उघड्या पडलेल्या त्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी सहज खातात. इकडे आड, तिकडे विहीर, आणि एकदाची ही म्हण जंतूच्या वाट्याला आलेली. मात्र वीण जुळली नाही तर वेधक म्हणजे निव्वळ पाणी.

शास्त्रज्ञांनी काम चोख केलं होतं. मग ते सरकारच्या हाती आलं.

सरकारने राष्ट्रीय जंतू नोंदणी केंद्र काढलं. जंतू जिथे सापडेल त्या गावाचं नाव त्याला द्यायचं. त्याच्यावरच्या वेधकाचा पहिला साठा त्याच गावाला फुकट मिळायचा. आणि एका गावाची एक नोंद चालू असेपर्यंत दुसरी घ्यायची नाही, नाहीतर काम वाढतं. शिवाय यंत्रं कुणाचाही आवाज आणि कुणाचीही सही हुबेहूब काढू लागल्यामुळे सरकारचा विश्वास पुन्हा शाईवर बसला होता. जबाब कागदावर, सही शाईची, आणि यायचा तो टपालाने.

भागीरथीबाई रुग्णालयात दोन वर्षांपूर्वी बाळं दगावू लागली, तेव्हा सरांनी कक्षातली प्रत्येक वस्तू पुसून तपासली आणि जंतू शोधून काढला. तो नवजात कक्षातल्या बेसिनच्या भोकात होता. हे बेसिन बाळांना हाताळण्याआधी हात धुण्यासाठी. पण संस्थेचे विश्वस्त पाहुण्यांना घेऊन कक्ष दाखवायला येत. पाहुणा आला की चहा हा आंबरखेडचा धर्म. चहाचे कप तिथेच विसळले जात, उरलेला गोड चहा तिथेच ओतला जाई. साखर आयती मिळाल्यावर जंतूंनी नळीत वसाहत थाटली होती. नळ सोडला की शिंतोडे उडत, आणि हात धुणारी परिचारिका धुतलेल्या हातांनी जंतू घेऊन बाळाकडे जाई.

सरांनी अहवाल दिला. संस्थेचे अध्यक्ष धनराज बऱ्हाटे, म्हणजे बापूसाहेब, यांनी तो हातात न घेताच विचारलं, "याचं नाव काय पडणार?"

"आंबरखेड-एक. नियम तसा आहे," सर म्हणाले.

"आंबरखेड-एक? हे काय केळीचं वाण आहे का, सर? उद्या पेपरात येईल, आंबरखेडच्या जंतूने लेकरं खाल्ली. कोणती बाई बाळंतपणाला येईल मग आपल्याकडे?"

बापूसाहेबांचे स्वीय सहायक विसपुते पुढे झाले. या माणसाला अडचण सांगायच्या आधी तोडगा सुचत असे. "बापूसाहेब, गेलेल्यांत एक बाळ शेलवणच्या बाईचं होतं."

"मग झालं की! जंतू तिनेच आणला."

"बाळ इथेच जन्मलं होतं," सर म्हणाले. पण ते इतक्या हळू म्हणाले की टेबलावरच्या पेढ्यावरची माशीही उडाली नाही. विसपुत्यांनी उगमस्थान म्हणून ‘शेलवण’ लिहून नमुना केंद्राकडे पाठवला.

यथावकाश ‘शेलवण-एक’वरचं वेधक तयार झालं आणि सातपुड्याच्या पायथ्याशी शेलवणला पोचलं. त्यातली काही खोकी विसपुत्यांनी तिथल्या कुणाशी तरी गोडीगुलाबी करून रातोरात आंबरखेडला वळवली. आंबरखेडची बाळं खडखडीत बरी झाली. बापूसाहेबांनी आपल्या आईच्या, म्हणजे भागीरथीबाईंच्या, तसबिरीला हार घातला आणि भाषण केलं. बेसिन तिथेच राहिलं, चहाही.

शेलवणमध्ये मात्र जंतू होता तो वेगळा, वेगळ्या विणीचा, त्यांचा स्वतःचा. रेहानाने त्याची नोंद करायला नमुना पाठवला. केंद्राचं उत्तर आलं, "शेलवणचा जंतू नोंदलेला असून त्यावरील औषध आपणांस पुरवण्यात आले आहे. सबब दुबार नोंद घेता येत नाही." पहिली नोंद चुकीची आहे, असा जंतू वाढवणाऱ्या तज्ज्ञाचा जबाब आला तरच ती रद्द होणार होती. म्हणून ते पत्र.

एवढ्यावर ही गोष्ट नुसती दुःखाची राहिली असती. पण डिसेंबरात सरकारने जाहीर केलं की ज्या गावांच्या जंतूंनी देशाला औषधं दिली, त्या गावांत वेधकाचे कारखाने निघतील. पहिल्या यादीत शेलवणचं नाव होतं.

आंबरखेड पेटलं. ज्यांनी कालपर्यंत ‘आमच्याकडे असला जंतू नाही’ म्हणून शपथा घेतल्या होत्या, त्यांना तो जंतू एका रात्रीत पोटच्या पोरासारखा वाटू लागला. जंतू बचाव कृती समिती निघाली. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. शाळेच्या पोरांना उन्हात उभं करून ओरडायला लावलं, "जंतू आमच्या हक्काचा, नाही कुणाच्या बापाचा!" तिकडे शेलवणच्या आमदारांनी ‘शेलवणच्या अस्मितेला हात लावाल तर’ असा फलक चौकात लावला. त्यावर आमदारांचा फोटो मोठा होता आणि जंतूचा छोटा. जंतू म्हणून छापलेलं चित्र आमांशाच्या अमिबाचं होतं. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सर खिडकीतून मोर्चा बघत आणि मनातल्या मनात हसत. मनातल्या मनात तुच्छतेने हसण्यात त्यांचा हात धरणारं आंबरखेडात कुणी नव्हतं. असं हसायला धाडस लागत नाही.

मग एके सकाळी दारात बापूसाहेबांची गाडी आली. शेतात भरीत पार्टी होती आणि सरांना सन्मानाने बोलावलं होतं.

केळीच्या बागेच्या कडेला कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली जात होती. दोन गडी ती लाकडी परातीत मुसळाने ठेचत होते. सतरंजीवर कृती समिती बसली होती. बापूसाहेबांनी सरांना आपल्या शेजारी बसवलं आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या केळीच्या पानावर भरीत वाढलं.

"सर, तुम्ही आमच्या गावचं रत्न. आम्हीच ओळखायला चुकलो."

सरांनी मान खाली घातली. आपल्याला बरं वाटतंय हे ध्यानात आल्यावर त्यांना शरमल्यासारखं झालं.

"एक छोटं काम आहे," बापूसाहेब म्हणाले. "हा जंतू आपला आहे, एवढं लिहून द्यायचं. खरं तेच लिहायचं. मी खोटं कधी लिहायला लावत नाही. विसपुते, कागद."

कागद तयारच होता. ‘सदर जंतू मौजे आंबरखेड येथील मातीत मला प्रथम आढळला’ असं त्यावर टाइप केलेलं होतं.

"माती?" सर म्हणाले. "तो बेसिनमध्ये सापडला होता."

"बेसिन काय हवेत लोंबतं का, सर? खाली माती आहेच की."

समिती खो खो हसली. एकजण म्हणाला, "पावन माती लिहा, बापूसाहेब. वजन येतं."

"बेसिन लिहिलं तर कक्षाला कुलूप लागेल," विसपुते सरांच्या कानाशी म्हणाले. "गावाचा दवाखाना आहे. गोरगरिबांचं नुकसान."

"आणि आपली पूर्वा," बापूसाहेब कांद्याची पात मोडत म्हणाले. पूर्वा ही सरांची मुलगी, बापूसाहेबांच्याच फार्मसी कॉलेजात हंगामी शिकवत होती. "तिला कायम करायची ऑर्डर माझ्या टेबलावर पडून आहे. सध्या वारं फार सुटलंय हो. उडून जाते की काय अशी भीती वाटते."

"विचार करून सांगतो," सर म्हणाले.

"करा, करा. तुम्ही विचारवंत माणूस. आणखी भरीत घ्या. अरे, सरांना पुऱ्या वाढा!"

घरी येताना सरांच्या डोक्यात एक सोयीचा विचार घर करून बसला. त्या कागदावर सही केली तरी शेलवणची चुकीची नोंद रद्द होईलच की. रेहानाचा जंतू नोंदला जाईल, तिच्या बाळांना औषध मिळेल, पूर्वाची नोकरी राहील. एका बेसिनचा उल्लेख तेवढा गळेल. दुसऱ्या कुणी असा हिशोब मांडला असता तर सरांनी त्याला मनातल्या मनात सोलून काढलं असतं. स्वतःच्या बाबतीत त्यांना तो व्यवहार्य वाटला. तरी सही करण्याआधी रेहानाला विचारावं म्हणून दुसऱ्या दिवशी ते एसटीने शेलवणला गेले.

रेहाना कक्षाच्या दारातच भेटली. तोंडावर मास्क, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने वाकून नमस्कार केला. त्यामुळे सर आणखीच अवघडले.

"पत्र मिळालं होतं ना, सर?"

"मिळालं होतं. उत्तर लिहीतच होतो."

"ऑक्टोबरपासून?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. वर्गात शंका विचारायची त्याच आवाजात तिने विचारलं.

भिंतीशी वेधकाची खोकी छतापर्यंत रचली होती. प्रत्येक खोक्यावर मंत्र्यांचा हसरा चेहरा. काचेपलीकडे पेटीत एक बाळ होतं, मुठीएवढ्या तोंडाचं. त्याची छाती भराभर वरखाली होत होती. बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. मीना पावरा तिचं नाव. डोंगरातल्या पाड्यावरून आली होती.

सरांनी खालच्या आवाजात बापूसाहेबांच्या कागदाची हकीकत सांगितली. रेहानाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माती लिहिलंत तर केंद्र मातीचे नमुने मागवणार," ती म्हणाली. "मातीत तो सापडणार नाही. मग जबाब संशयास्पद, चौकशी सुरू, आणि चौकशी संपेपर्यंत दोन्ही गावांच्या नोंदी बंद. बेसिन लिहिलंत तर कुणीतरी येऊन नळीत बोळा फिरवेल, जंतू सापडेल, आणि काम त्याच आठवड्यात संपेल. तो अजून आहे तिथे. चहा बंद झालाय का, सर?"

"नाही."

"मग तुमच्याकडची बाळंही काही सुटली नाहीत. औषध आहे म्हणून वाचतात, एवढंच. औषध यायला एखाद दिवस उशीर झाला की बघा."

"इथले लोक तुला सोडतील का?" सरांनी विचारलं. "जंतू तुझ्यामुळे गेला म्हणतील."

"तोंडाला काळं फासू म्हणालेत. फासू दे. मास्क लावतेच मी."

बाकावरची मीना मघापासून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "हे मोठे डॉक्टर का?" तिने विचारलं.

"माझे सर आहेत," रेहाना म्हणाली. "यांनी एका प्रश्नाचं उत्तर लिहून दिलं की आपल्या बाळाचं औषध बनायला घेतील."

मीनाने सरांकडे पाहिलं. "उत्तर येत नाही का त्यांना?"

"येतं," रेहाना म्हणाली.

"मग?"

सर खोक्यांवरच्या मंत्र्यांकडे बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी मूर्खांचा मनापासून तिरस्कार केला होता. बापूसाहेबांचा, विसपुत्यांचा, मोर्च्यातल्या घशांचा, गोळ्या अर्ध्यावर टाकणाऱ्यांचा. या सगळ्यांहून आपण निराळे, असं धरून ते चालले होते. त्या बाकासमोर उभं राहिल्यावर त्यांना दिसलं की त्या बाईच्या दृष्टीने मोर्चात ओरडणारे आणि खिडकीतून बघणारे यांच्यात सुईच्या अग्राएवढाही फरक नाही. किंबहुना ओरडणाऱ्यांना उत्तर ठाऊक तरी नव्हतं.

संध्याकाळच्या जेवणाला पूर्वा होती. सरांनी खिचडी चिवडत घसा साफ केला.

"पूर्वा, तुझ्या ऑर्डरचं काय झालं?"

"अडकलीय. तुमच्या सहीपाशी अडकलीय असं विसपुते काका स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत होते. मला वाटलं, निदान माझ्याआधी तुम्हाला तरी सांगितलं असेल."

"मी बेसिन लिहिलं तर तुझी नोकरी जाईल."

"जाईल."

"मग तूच सांग, मी काय करायचं?"

पूर्वाने ताट सरकवलं. "हे बरं आहे, बाबा. म्हणजे सही केलीत तर ती माझ्यासाठी, आणि नाही केलीत तर माझं नुकसान केल्याचं दुःख करत बसायला तुम्ही मोकळे. तुमची भीती माझ्या नावावर खपवू नका. मी वर्गात पोरांना प्रतिजैविकं शिकवते. सकाळी त्यांना मोर्च्याला नेतात आणि दुपारी मी त्यांना सांगते, बेसिनच्या नळीत जंतू कसे वाढतात. दोन पोरं हसली परवा. मलाच हसली."

"दुसरी नोकरी लगेच मिळायची नाही," सर म्हणाले.

"नाही मिळायची. मग घरात बसून तुमच्यासारखी पुस्तकं वाचीन आणि जगाला नावं ठेवीन. वारसा आहेच."

कुमुद आमटी वाढता वाढता थांबली. "पोरगी माझ्यावर गेली म्हणून देवाचे आभार माना," ती म्हणाली. "आता जेवा. आणि उद्या सकाळी टेबलावरची ती पुस्तकं मी उचलून ठेवणार आहे. कोपर टेकायला जागा नाही, माणूस पत्र लिहिणार कुठे?"

सकाळी टेबल खरोखरच रिकामं होतं. चांगला कागद मांडलेला, आणि दौत-टाक नसला तरी शाईचं पेन भरून ठेवलेलं. सर बसले. पहिलं वाक्य लिहिलं, दुसरं लिहिताना हात थबकला. कुमुद लसूण सोलत समोर येऊन बसली. ते पुढे लिहीत गेले.

‘शेलवण-एक या नावाने नोंदलेला जंतू शेलवणचा नाही. तो आंबरखेड येथील भागीरथीबाई रुग्णालयाच्या नवजात कक्षातील हात धुण्याच्या बेसिनच्या नळीत मला सापडला. तो मी स्वतः बोळ्याने काढला, स्वतः वाढवला व स्वतः तपासला. या बेसिनमध्ये चहाचे कप विसळले जात असत व आजही विसळले जातात. तेथे पुन्हा तपासणी केल्यास तो आजही सापडेल. शेलवणच्या बाळांना होणारा आजार दुसऱ्या जंतूमुळे आहे. त्याची नोंद विनाविलंब घ्यावी.’

वाचून पाहिल्यावर ते त्यांना फार उद्धट वाटलं. कुठेतरी ‘माझ्या अल्पमतीनुसार’ घालावं असा मोह झाला. त्यांनी सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागदावर हात धरून बसले, जणू तो उठून पळून जाणार होता. सोबत रेहानासाठी वेगळी चिठ्ठी लिहिली. तिच्यात माफी मागायला त्यांनी घेतली होती. चार ओळी झाल्यावर लक्षात आलं की मजकूर सगळा आपल्याबद्दलच आहे. ती फाडली. दुसरीत एवढंच लिहिलं की जबाब सोबत आहे, तो तुझ्या नमुन्याबरोबर केंद्राला पाठव, आणि केंद्राचा माणूस आला की बेसिन दाखवायला मी स्वतः हजर राहीन.

पाकीट घेऊन ते बाहेर पडले. चौकात कृती समितीचा मांडव होता आणि साखळी उपोषणाची तयारी चालली होती. पहिल्या फळीचे उपोषणकर्ते त्याआधी मिसळ खाऊन घेत होते. विसपुते मांडवातून धावत आले.

"सर! सही झाली वाटतं? द्या, मीच पोचवतो. तुम्ही कशाला तसदी घेता?"

"हे माझं पत्र आहे," सर म्हणाले.

विसपुत्यांना ऐकू गेलं नसावं, कारण त्यांनी हात पुढेच ठेवला. सरांनी पाकीट कोटाच्या आतल्या खिशात घातलं, वरून बटण लावलं आणि आजवर या चौकात कधी बोलले नव्हते इतक्या मोठ्याने म्हणाले, "हात काढा."

मिसळ खाणाऱ्यांनी माना वर केल्या. विसपुत्यांनी हात काढला आणि लगेच फोन कानाला लावला. पूर्वाची ऑर्डर टेबलावरून उडाली ती बहुतेक त्याच क्षणी.

टपाल कचेरीत स्पीडपोस्टच्या खिडकीशी रांग नव्हती. काउंटरवरच्या कारकुनाच्या शर्टाला कृती समितीचा बिल्ला होता. त्याने पाकीट वजनकाट्यावर टाकलं, पत्ता वाचला आणि भुवया चढवल्या.

"शेलवण? त्या लोकांना काय लिहिताय, सर?"

"त्यांनी एक विचारलं होतं. त्याचं उत्तर."

"जंतूबद्दल?"

"हो."

कारकून खिडकीतून अर्धा बाहेर आला. "सर, तुम्ही शास्त्रज्ञ. खरं सांगा, जंतू आपलाच ना?"

"आपलाच," सर म्हणाले.

"म्हणजे अगदी आपल्या गावातला? शंभर टक्के?"

"शंभर टक्के. लिहून दिलंय तसं."

कारकुनाचा चेहरा अभिमानाने फुलला. "भले शाबास! कळू द्या लेकांना एकदा," तो म्हणाला, आणि पाकिटावर दाणकन शिक्का मारून त्याने ते शेलवणच्या पोत्यात टाकलं.